मधुमेहाचे मूळ एका आरएनएत सापडले आहे का?

मधुमेहाचे खरे मूळ साखरेत किंवा इन्सुलिनमध्ये नसून ‘निरुपयोगी’ डीएनएपासून तयार होणाऱ्या दीर्घ नॉन-कोडिंग आरएनएमध्ये (आरएनए म्हणजे डीएनएवरून पेशीत उतरवली जाणारी प्रत) आहे, रक्ताच्या एका चाचणीने डोळे आणि मूत्रपिंडांवरचे संकट आधीच ओळखता येते, आणि हे आरएनए बंद केले की आजार मुळासकट जातो, म्हणून साखर मोजत बसण्याची गरज नाही, असा मजकूर सध्या मोठ्या प्रमाणावर पुढे पाठवला जात आहे. त्यात खऱ्या संशोधनाचे तुकडे आहेत, म्हणूनच तो पटकन पटतो. पण त्यातले शेवटचे वाक्य खरे मानून कोणी औषध सोडले तर त्याच्या जिवावर बेतू शकते, म्हणून हे सविस्तर उत्तर.

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. आपल्या डीएनएचा जेमतेम दोन टक्के भाग प्रथिने बनवण्याच्या कामी येतो, आणि उरलेल्या भागातून हजारो आरएनए तयार होतात. त्यांपैकी दोनशेहून अधिक न्यूक्लिओटाइड (आरएनएच्या साखळीतले एकेक घटक) लांबीच्या आणि प्रथिन न बनवणाऱ्या आरएनएंना दीर्घ नॉन-कोडिंग आरएनए म्हणतात. स्वादुपिंडातील इन्सुलिन स्रवणाऱ्या बीटा पेशींमध्येही ते आढळतात. त्यांतला प्लूटो नावाचा आरएनए पीडीएक्स-१ या बीटा पेशींसाठी अत्यावश्यक जनुकाचे कार्य टिकवतो, हे २०१६ मध्ये दाखवले गेले. मात्र अशा प्रत्येक आरएनएला महत्त्वाचे काम असतेच असे नाही. बहुतेकांचे कार्य अद्याप सिद्ध झालेले नाही.

‘हेच मूळ’ हा दावा मात्र टिकत नाही. मधुमेहामुळे डोळे, मूत्रपिंडे अशा अवयवांत होणाऱ्या गुंतागुंतींच्या संदर्भात सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या आरएनएंपैकी मॅलॅट-१ चेच उदाहरण घेऊ. मधुमेही उंदरांच्या दृष्टिपटलात (डोळ्याच्या आतल्या पडद्यात) त्याचे प्रमाण वाढलेले आढळते आणि ते कमी केल्यास रक्तवाहिन्यांतून होणारी गळती घटते, असे २०१४ मध्ये दिसून आले. परंतु प्रयोगशाळेत रक्तवाहिन्यांच्या पेशींना भरपूर ग्लुकोज दिले की त्यांतही मॅलॅट-१ वाढतो. म्हणजे साखर आधी चढते, आरएनए नंतर वाढतो आणि मग तो नुकसानीत भर घालतो. साखळीतल्या मधल्या कडीला उगम ठरवून पहिल्या कडीकडे दुर्लक्ष करायला सांगणे, ही या मजकुरातली सर्वांत गंभीर चूक आहे. शिवाय मॅलॅट-१ चे जनुक काढून टाकलेले उंदीर जगतात आणि त्यांची वाढ सर्वसाधारण होते, हे २०१२ मध्येच स्पष्ट झाले होते. आनुवंशिक पुराव्याचेही असेच आहे. नवव्या गुणसूत्रावर ॲनरिल या आरएनएच्या परिसरात टाइप २ मधुमेहाशी (सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराशी) निगडित बदल २००७ मध्ये सापडले, पण ते धोका थोडाच वाढवतात, आणि हा आजार अशा शेकडो लहान बदलांच्या, वजनाच्या, वयाच्या व राहणीमानाच्या एकत्रित परिणामातून होतो.

रक्तचाचणीबद्दल थोडक्यात सांगता येईल. मॅलॅट-१ हे नाव मुळात २००३ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या अभ्यासातून आले, आणि तो इतर अनेक विकारांतही वाढतो. तेव्हा रक्तात तो वाढला म्हणजे दृष्टिपटलच बिघडते आहे, असा निष्कर्ष कसा काढणार? रक्तातील अशा आरएनएचे प्रमाण अत्यल्प असते, आणि नमुना किती वेळ ठेवला, त्यातल्या रक्तपेशी फुटल्या का, तुलनेसाठी कोणता आरएनए घेतला, यांवर आकडा बदलतो. डोळ्यांसाठी दृष्टिपटलाची तपासणी आणि मूत्रपिंडांसाठी लघवीतील अल्ब्युमिन (एक प्रथिन) व रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ) याच आजही विश्वासार्ह चाचण्या आहेत.

आरएनए बंद करण्याच्या कल्पनेविषयी मला खरोखर आशा वाटते. मूत्रपिंडाच्या पेशींवर ताण आला की एलएनसी-एमजीसी हा आरएनए वाढतो आणि त्याच्याबरोबर सुमारे चाळीस सूक्ष्म आरएनएंचा (मायक्रोआरएनए, म्हणजे जनुकांच्या कामावर नियंत्रण ठेवणाऱ्या अगदी लहान आरएनएंचा) गटही वाढतो. २०१६ मधील प्रयोगात मधुमेही उंदरांना या आरएनएला निष्क्रिय करणारा कृत्रिम रेणू टोचल्यावर मूत्रपिंडातील सुरुवातीचे बिघाड कमी झाले. पण तिथेही फायदा झाला तो मूत्रपिंडाला. मधुमेह गेला नाही. शिवाय उंदरांतले अनेक दीर्घ आरएनए माणसातल्यांशी फारसे जुळत नाहीत, आणि मधुमेहासाठी अशा आरएनएवर थेट काम करणारे एकही मान्यताप्राप्त औषध आज उपलब्ध नाही.

साखर नियंत्रणाचा पुरावा मात्र माणसांवरचा आहे. १९८३ ते १९९३ या काळात टाइप १ मधुमेहाच्या (ज्यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही) १,४४१ रुग्णांवर झालेल्या डीसीसीटी या साखर नियंत्रणाच्या वैद्यकीय चाचणीत, ज्यांच्या दृष्टिपटलात सुरुवातीला विकार नव्हता, त्यांच्यात काटेकोर नियंत्रणामुळे तो उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला, आणि चाचणी संपल्यानंतरही अनेक वर्षे हा लाभ टिकून राहिला. याउलट टाइप १ च्या रुग्णाने असा मजकूर वाचून इन्सुलिन थांबवले, तर एक-दोन दिवसांतच रक्तात आम्ल साचून कीटोॲसिडोसिसची प्राणघातक अवस्था ओढवू शकते.