वडाच्या पारंब्या

मागच्या मंगळवारी संध्याकाळी वादळ आलं, त्यात आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या वडाची मोठी फांदी पडली. खाली उभ्या असलेल्या ऑटोचं छत चेपलं. ऑटोवाला भाऊ समोरच्या टपरीवर चहा घेत होता म्हणून वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून गल्लीत एकच बोलणं, झाड धोक्याचं झालं, सह्या घेऊ आणि पाडायचा अर्ज देऊ. माझ्याकडेही कागद आला. मी सही केली नाही, आणि का केली नाही ते इथे सविस्तर लिहिते आहे.

ते झाड धोक्याचं आपण केलं. कसं, ते मी माझ्या फाटकात उभी राहून पाहिलं आहे. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या आधी कंत्राटदाराची माणसं शिडीची गाडी घेऊन आली आणि रस्त्याच्या बाजूच्या सगळ्या पारंब्या डोक्याच्या उंचीवर सपासप कापल्या. मी विचारलं, दादा, पारंब्या कशाला कापता? तर म्हणाला, "काकू, लोंबून राहिल्या ना, गाड्यांना लागतात." संध्याकाळपर्यंत रस्त्यावर पांढऱ्या चिकाचे डाग पडले होते. त्यातली एक पारंबी मी उचलून घरी आणली. टोक कोवळं, पिवळसर, नखाने दाबलं तर आत शिरेल इतकं मऊ. जमिनीपासून ती फार तर चार फुटांवर होती. आणखी एक-दोन पावसाळे मिळाले असते तर मातीत शिरली असती.

मातीत शिरलेली पारंबी जाड होते, तिचं खोड होतं, आणि वरच्या आडव्या फांदीला तीच खालून टेकू देते. वड इतका लांब हात पसरू शकतो तो या टेकूंच्या जोरावर. आपण टेकू काढून घेतले आणि फांदी मात्र दरवर्षी वाढत राहिली. पुढच्याच वर्षी सिमेंटचा रस्ता झाला, तो थेट बुंध्याला चिकटवून. वितभरसुद्धा माती ठेवली नाही. आता पारंबी खाली आली तरी शिरणार कुठे? मंगळवारी पडलेली फांदी त्याच कापलेल्या बाजूची होती.

कोलकात्याजवळ शिबपूरच्या वनस्पती उद्यानात अडीचशे वर्षांहून जुना वड आहे. त्याला बुरशी लागली आणि १९२५ मध्ये त्याचं मूळ खोडच काढून टाकावं लागलं. झाड आजही उभं आहे, हजारो पारंब्यांवर. तेलंगणात महबूबनगरजवळच्या पिल्ललमर्रीच्या जुन्या वडाला वाळवी लागली, तेव्हा २०१८ मध्ये माणसाला सलाईन लावतात तसं त्याला थेंबाथेंबाने औषध दिलं गेलं. हे सगळं आपल्याच देशात झालं, आणि आपण मात्र चाळीस-पन्नास वर्षांच्या धडधाकट झाडाला पाडायला निघालो.

वड आपला राष्ट्रीय वृक्ष आहे. शाळेत सगळ्यांनी पाठ केलं आहे, वाघ, मोर, कमळ, वड. पण या चौघांच्या वाट्याला सारखं काही आलं नाही. वाघासाठी १९७२ चा कायदा आला, १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प आला, आणि पहिल्या नऊ जागांत आपलं मेळघाट होतं. २००६ मध्ये देशात १४११ वाघांचा अंदाज होता, २०२२ च्या गणनेत तो ३६८२ वर गेला. नागपूर आज वाघांची राजधानी म्हणवून घेतं, त्यामागे वनरक्षकांची पायपीट आहे आणि जंगलालगतच्या गावांनी सोसलेलं पुष्कळ काही आहे. वडाच्या वाट्याला पाठ्यपुस्तकातलं चित्र आलं आणि वटपौर्णिमेचा एक दिवस. त्या दिवशीही बाजारात वडाच्या फांद्या तोडून विकायला येतात.

नुसतं नाव दिल्याने काही वाचत नाही. मॉरिशसच्या राजचिन्हावर डोडो आहे, तो पक्षी सतराव्या शतकातच संपला. उलट अमेरिकेचा पांढऱ्या डोक्याचा गरुड बघा. १७८२ पासून त्यांच्या राजमुद्रेवर आहे, पण राष्ट्रीय पक्षी म्हणून कायद्याने नाव लागलं ते थेट डिसेंबर २०२४ मध्ये. मधल्या काळात डीडीटी या कीटकनाशकामुळे त्याच्या अंड्यांची कवचं पातळ होऊन फुटायची. १९६३ मध्ये अलास्का सोडून उरलेल्या मुख्य भूमीवर घरटी करणाऱ्या ४१७ जोड्याच मोजल्या गेल्या. १९७२ मध्ये तिथे डीडीटीवर बंदी आली, घरट्यांना संरक्षण मिळालं, आणि २००७ मध्ये तो धोक्यातल्या जातींच्या यादीतून बाहेर आला. वाचला तो बंदीने आणि राखणीने. पदवी नंतर आली.

आपल्याकडेही कायदा नाही असं नाही. महाराष्ट्राच्या १९७५ च्या शहरी वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून पन्नास वर्षं आणि त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष आहे. असं झाड तोडलंच तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची. आमच्या वडाचं वय कोणी मोजलेलं नाही. आधी ते मोजून घ्या, मग अर्जाचं बोला.

आणि एक गोष्ट गल्लीतल्या बहुतेकांच्या लक्षात आलेली नाही. वडाची लाल फळं पिकली की सकाळच्या उन्हात त्यावर हरियाल येतात. हिरवट अंग, पिवळे पाय, पानांत बसले की दिसतच नाहीत, फळं खाली टपटपली की कळतं वर कोणीतरी आहे. हरियाल महाराष्ट्राचा राज्यपक्षी. म्हणजे देशाच्या झाडावर राज्याचा पक्षी जेवतो, आणि तो आमच्या फाटकासमोर.

गल्लीतल्या सगळ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, तो कागद परत घ्या. मोडक्या फांदीचा उरलेला भाग जाणत्या माणसाकडून नीट उतरवून घेऊ. ऑटोच्या दुरुस्तीला वर्गणी काढू, माझे हजार रुपये आजच घ्या. बुंध्याभोवती चारही बाजूंनी तीन-तीन फूट सिमेंट फोडायची परवानगी मागणारा अर्ज मी लिहून ठेवला आहे, सह्या त्यावर करा. घरांच्या बाजूच्या पाच पारंब्या अजून शाबूत आहेत. बांबू उभा चिरायचा, त्यात माती आणि शेणखत भरायचं, पारंबीचं टोक आत सोडून सुतळीने बांधायचं आणि ओलं ठेवायचं, म्हणजे ती सरळ खाली उतरते. पाचातली सर्वांत लांब पारंबी आता माझ्या खांद्याला लागते. बांबू मी आणून ठेवले आहेत. रविवारी सकाळी सात वाजता शिडी कोणाकडे असेल तर घेऊन या.