खोडरबर बंद ठेवलं तेव्हा

समस्या-आधारित अध्ययन, म्हणजे आधी प्रश्न आणि मग त्यासाठी लागणारा अभ्यास, करून पाहायचं म्हणून सातवीच्या वर्गाला गेल्या वर्षी मी एक 'समस्या' दिली होती: पाणी वाचवण्याचे उपाय शोधा. आठवड्याने सहा तक्ते आले. सहाही तक्त्यांवर तेच दहा मुद्दे, तीच निळी थेंबाची चित्रं. सगळ्यांना चांगले गुण दिले आणि घरी जाताना मन खात राहिलं. उत्तर प्रश्नातच होतं, मग मुलांनी शोधायचं काय?

यंदा प्रश्न बदलला. आपल्या शाळेची हजार लिटरची टाकी संध्याकाळी ५ ला भरते, मग दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीनंतर हात धुवायला पाणी का उरत नाही?

पहिला अंदाज एकमुखी होता, "पाचवीची पोरं नळ उघडा टाकतात." मी हो-नाही काहीच म्हटलं नाही. एवढंच सांगितलं की अंदाज वहीत लिहा, चुकला तरी खोडायचा नाही. दोन दिवस पाचवीवर पहारा झाला, हाती काही लागलं नाही. तिसऱ्या दिवशी एका मुलीने शाळा भरायच्या आधीच टाकीत काठी घालून पाहिली. पाणी रात्रीतूनच उतरलं होतं! शोधत शोधत गाडी स्वच्छतागृहातल्या एका नळावर आली, तो पूर्ण बंदच होत नव्हता. त्याखाली एक लिटरची बाटली ४ मिनिटांत भरली. म्हणजे तासाला १५ लिटर. संध्याकाळी ५ ते सकाळी १०, १७ तास, २५५ लिटर. टाकीचा पाव हिस्सा, तोही शाळेत कुणी नसताना.

समस्या-आधारित अध्ययन म्हणजे प्रकल्प नव्हे, शाब्दिक उदाहरणंही नव्हेत. १९६९ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने वैद्यकीय शिक्षणात ही पद्धत आणली, ती क्रम उलटा करून: आधी रुग्णाची तक्रार, मग तिच्यासाठी लागणारा अभ्यास. आमच्याकडे काळ, काम, वेगाचं गणित नळामागून आलं, ते याच क्रमाने.

खरा पेच मूल्यमापनाचा. गटाला एकच गुण दिला की बोलकी दोन मुलं सगळ्यांना तारून नेतात आणि गप्प बसणारं मूल कुणाला दिसतच नाही. म्हणून सादरीकरणाला मी कमीत कमी वजन दिलं. वह्या पाहिल्या: पहिला अंदाज काय होता, तो कशामुळे सोडला. मग प्रत्येकाला एकेकटं बोलावून तीन-चार मिनिटं तोंडी विचारलं. बाटली २ मिनिटांत भरली असती तर? आपण काय गृहीत धरलं?

गटात एक शब्दही न बोललेला मुलगा या शेवटच्या प्रश्नावर जरा थांबला. म्हणाला, "बाई, धार रात्रभर तेवढीच राहील असं धरलं. पण टाकी उतरेल तशी धार बारीक होणार. म्हणजे २५५ पेक्षा कमीच गेलं असेल."

हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

आकारिक मूल्यमापनात, म्हणजे शिकता-शिकताच होणाऱ्या मूल्यमापनात, दैनंदिन निरीक्षण आहे, तोंडीकाम आहे, कृती आहे. म्हणजे एवढं सगळं पाहायला जागा आपल्याकडे कागदावर केव्हापासून आहे. आणि आपण तिथे काय लिहितो? तयार शेऱ्यांच्या पीडीएफमधून उतरवलेलं 'उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो'. मीही वर्षानुवर्षं हेच लिहिलंय. त्या मुलाच्या नोंदीत या वेळी त्याचंच वाक्य जसंच्या तसं लिहिलं.

वेळ खूप जातो, हे खरं. ३१ मुलांच्या तोंडी कामाला माझ्या पाच तासिका गेल्या. वर्गात पन्नासच्या वर मुलं असणाऱ्यांनी हे कसं जमवलंय ते जरूर सांगा, मला खरंच शिकायचंय. माझं ठाम मत मात्र एक आहे: प्रश्न देण्याआधी आपण नेमकं काय तपासणार ते ठरलं नसेल, तर तो प्रश्न वर्गात नेऊच नये. ऐनवेळी मग आपण अक्षर आणि सजावटच तपासतो.

नळाचा वायसर बदललाय. आता छपराच्या पाण्याचा प्रश्न घेतलाय. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, एवढंच सांगितलंय. शनिवारी शाळा सुटल्यावर मुलं टेप घेऊन छपराची मापं काढायला थांबणार आहेत. पहिला अंदाज वह्यांत लिहून झालाय, पेनाने.