कर वाचला, पण निवृत्तीनंतर हातात काय?

"टॅक्स वाचवायचाय, पटकन सांग, कुठे टाकू?" आर्थिक वर्ष संपत आलं की हा प्रश्न मित्रमंडळींत फिरायला लागतो. निवृत्तीनंतर हातात किती पडेल, हे मात्र त्यांतलं कुणी विचारत नाही. मला तर वाटतं, यंदा किती कर वाचला यावरून निवृत्तीची तयारी मोजणंच चुकीचं आहे.

साधं गणित बघा. एकाने कमाईतले १०० रुपये कर न भरता गुंतवले. तीस वर्षांत आठपट, म्हणजे ८०० झाले. काढताना २० टक्के कर गेला, हातात ६४०. दुसऱ्याने २० टक्के कर आधीच भरून ८० गुंतवले. तेही आठपट, ६४०, आणि काढताना कर शून्य. दोघंही तिथेच! म्हणजे गुंतवताना मिळालेली वजावट बहुतेक वेळा माफी नसते, कर पुढे ढकललेला असतो. (आत जाताना, वाढताना आणि काढताना, तिन्ही वेळा करमुक्त असलेल्या योजना वेगळ्या. मिळत असेल तर आधी ती भरा.) आणि वाचलेला कर खर्चून टाकला, तर काढतानाचा कर तेवढा शिल्लक राहतो.

मग पुढे ढकलण्यात फायदा कधी? निवृत्तीनंतर कराचा दर कमी असेल तेव्हा. बहुतेकांचा तो असतो. कमावत्या वयात वजावट मिळते ती उत्पन्नाच्या सगळ्यात वरच्या टप्प्याच्या (स्लॅबच्या) दराने. निवृत्तीनंतर दुसरं उत्पन्न फारसं नसेल, तर काढलेली रक्कम खालच्या टप्प्यांपासून भरत जाते. म्हणूनच अशा खात्यातली सगळी रक्कम एकाच वर्षी उचलणं मला वेडेपणा वाटतो. थोडी थोडी काढली तर दरवर्षी खालचे टप्पे वापरता येतात. अर्थात पंचवीस वर्षांनी दर काय असतील ते कुणालाच माहीत नाही. त्यामुळे काही पैसा आज कर भरून आणि काही पुढे ढकलून, असा दोन्हीकडे ठेवावा हे बरं.

खरी गळती दरवर्षीच्या करात आहे. ८ टक्के परतावा, त्यावर दरवर्षी २५ टक्के कर, म्हणजे उरले ६ टक्के. तीस वर्षांत पैसा ५.७ पट होतो. तोच कर शेवटी एकदाच नफ्यावर भरला तर ७.८ पट. म्हणून सतत खरेदी-विक्री करणाऱ्यांचं मला नवल वाटतं. विकलं नाही तर नफ्यावरचा कर आपोआप लांबतो.

आणि शुल्क? वर्षाला १ टक्का जास्त शुल्क म्हणजे ८ ऐवजी ७ टक्के. तीस वर्षांत १० पटींऐवजी ७.६ पट. जवळजवळ चतुर्थांश पुंजी गेली! इतका कर लागला असता तर आपण बोंब मारली असती. "टॅक्स वाचतो" म्हणून गळ्यात मारलेल्या महागड्या पॉलिसीबद्दल मात्र अवाक्षर नाही.

महागाईचंही बघा. व्याज ७ टक्के, कर ३० टक्के, उरलं ४.९. महागाई ५ असेल तर आकडा वाढला, पैसा घटला. कर पूर्ण व्याजावर लागतो, त्यातलं किती महागाईने खाल्लं हे तो विचारत नाही.

आता तो प्रसिद्ध ४ टक्क्यांचा नियम. १९९४ मध्ये आर्थिक सल्लागार विल्यम बेंगन यांनी अमेरिकेतल्या जुन्या आकडेवारीवरून मांडला: पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के काढा, पुढे महागाईप्रमाणे रक्कम वाढवा, तीस वर्षं पुरेल. इतर देशांत तो तसाच चालेल असं नाही, पण त्यावरूनच "वर्षाच्या खर्चाच्या २५ पट जमवा" हे सगळीकडे ऐकू येतं. काढलेल्या रकमेवरचा कर त्या ४ टक्क्यांतूनच जाणार, हे मात्र सांगायचं राहून जातं. सरासरी २० टक्के कर जाणार असेल, तर २५ पट नव्हे, ३१ पटींहून थोडी जास्त पुंजी लागते.