गाडी विचार करून वळते

जुन्या पिकअपचं स्टिअरिंग सैल झालं की ते फिरवणं म्हणजे कचेरीत अर्ज देणं. अर्ज वर दाखल होतो, खाली चाकांपर्यंत पोचेस्तोवर वळण निघून जातं आणि मंजुरी येते ती भलत्याच ठिकाणी. त्यामुळे मी माझ्या पिकअपला वळण यायच्या आधीच सांगून ठेवायचो. सरळ रस्त्यावरसुद्धा हात सतत डावी-उजवी करत असायचे. बघणाऱ्याला वाटावं, माणूस काय मन लावून गाडी चालवतोय!

अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. ज्याच्या गाडीचं जे नुकतंच बदललेलं असतं, तेच आपल्या गाडीचं गेलेलं असतं. एकाने टाय रॉड सांगितला, दुसऱ्याने बॉल जॉइंट, तिसरा गाडीकडे न वाकताच ‘अलाइनमेंट’ म्हणून मोकळा झाला. एक गृहस्थ तर पाना घेऊनच आले. स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणारी दात्यांची पेटी असते, स्टिअरिंगचा गियरबॉक्स. त्यावर स्क्रू असतो, तो जरा आवळला की एका मिनिटात निकाल! निकाल लागतो हे खरं, पण गियरबॉक्सचा. तो स्क्रू आतल्या दात्यांमधलं अंतर जुळवायला असतो. दुसरीकडची ढिलाई झाकायला तो आवळत बसलं, तर स्टिअरिंग जड होतं, वळणानंतर आपणहून सरळ येत नाही आणि धडधाकट गियरबॉक्सही कामातून जातो. गृहस्थांना गोड बोलून पाना खाली ठेवायला लावला.

खरं निदान फुकटात होतं, फक्त दोन माणसं लागतात. चाकं जमिनीवर, इंजिन बंद, स्टिअरिंगचं लॉक काढलेलं. बायकोला स्टिअरिंगवर बसवलं आणि टॉर्च घेऊन मी बॉनेटखाली डोकं घातलं.

“थोडं डावीकडे... आता उजवीकडे... अगं, नुसतं हलव, वळवू नकोस.”

“वळवायचं नाही आणि हलवायचं, म्हणजे नक्की काय करायचं?”

प्रश्न रास्त होता. पण मला समोर उत्तर दिसत होतं. वरचा शाफ्ट इमानेइतबारे फिरत होता, त्याखालची रबराची चकती पिळवटत होती आणि गियरबॉक्सचा दांडा ढिम्म होता. मग ‘खट्’ असा आवाज व्हायचा आणि तो नाइलाजाने हलायचा.

चोर सापडला. कपलर! स्टिअरिंगचा शाफ्ट आणि गियरबॉक्स यांच्या मधे ही चकती असते, कापडाचे थर घातलेल्या रबराची, तळहातात मावेल एवढी. केबिन रबरी गाद्यांवर बसलेली असते, त्यामुळे ती आणि खालचा सांगाडा, म्हणजे चेसिस, आपापल्या मर्जीने हलतात. मधे हे लवचीक रबर नसतं, तर शाफ्ट अवघडला असता आणि प्रत्येक खड्डा थेट मनगटात आला असता. इतकं नाजूक काम, आणि त्याला जागा दिली एक्झॉस्टच्या धगीत, गळणाऱ्या पॉवर स्टिअरिंगच्या तेलात! अर्थात बनवणाऱ्याने सोयही ठेवली आहे. रबर पार फाटलं तरी लोखंडी पिना खाचेला टेकतात आणि गाडी वळत राहते. तो ‘खट्’ त्यांचाच. हे मी बायकोला दिलासा म्हणून सांगितलं.

“म्हणजे इतके दिवस आपण पिनेच्या भरवशावर हिंडतोय?”

मी टॉर्च बंद केला.

कपलर बदलायला घेतला. चाकं सरळ करणं, स्टिअरिंग बांधून ठेवणं, शाफ्टवर रंगाच्या खुणा करणं हे सगळं चुटकीसरशी होतं आणि त्यामुळेच माणूस गाफील राहतो. पुढे कपलरला गियरबॉक्सच्या दांड्यावर आवळून धरणारा बोल्ट असतो. गियरबॉक्सच्या दांड्याला या बोल्टसाठी आडवी खाच असते, म्हणून तो नुसता ढिला करून भागत नाही, पुरता बाहेर काढावा लागतो. हातोडी चालवावी, तर दणका आतल्या बेअरिंगला बसतो. तिथे डोळा पोचला तर हात पोचत नाही, हात पोचला तर पाना मावत नाही आणि पाना मावला तर फिरवायला जागा बोटभर. त्यात गंज. गंज सोडवायच्या तेलाच्या डब्यावर ‘थोडा वेळ थांबा’ असं लिहिलेलं असतं. ते लिहिणारा कधी हातात पाना घेऊन ताटकळलेला नसावा. पाना लावायचा, बोटभर फिरवायचा, काढायचा, पुन्हा लावायचा. बोल्ट निघाला तेव्हा माझी मान त्याच्या जागी अडकली होती.

वरचा शाफ्ट एकात एक सरकणारा होता, म्हणून गियरबॉक्स उतरवायची वेळ आली नाही. मूळची चकती रिबिटांनी ठोकलेली, ती डोकी ग्राइंडरने उडवली. नव्या चकतीचे दोन बोल्ट मात्र एक जाड, एक बारीक होते, उलटं बसूच नये म्हणून. हे सुचलेल्या इंजिनिअरला मनोमन हात जोडले. आधीच्या बोल्टची जागा ठरवणाऱ्याबद्दल जे मनात आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

जुन्या चकतीवर तांब्याची एक बारीक पट्टी तुटून लोंबत होती. रबरातून वीज जात नाही, म्हणून काही जुन्या गाड्यांत हॉर्नचं अर्थिंग अशा पट्टीवरून नेलेलं असतं. आमचा हॉर्न कित्येक वर्षं लहर लागली की वाजायचा. त्यापायी रिले बदलून झाला, हॉर्न बदलून झाला, शेवटी बायकोने काच खाली करून “ओ, बाजूला!” असं ओरडायची कला कमावली.

नवा कपलर बसला, पट्टीही जोडली, खुणा जुळल्या. रस्त्याला लागलो आणि पहिल्याच वळणावर सवयीने आधीच स्टिअरिंग फिरवलं. गाडी तत्काळ वळली. घाबरून उलटं फिरवलं, तर तेही तिने बिनतक्रार ऐकलं.

“अहो, काय चालवताय!”

तेवढ्यात एक जण रस्त्याच्या मधोमध फोनवर बोलत चाललेला दिसला. बायको काच खाली करायला लागली, आणि मी हॉर्न दाबला. खणखणीत वाजला. तो माणूस टुणकन कडेला गेला.

“हॉर्नपण केलात होय?” तिच्या आवाजात चक्क कौतुक होतं.

“म्हणून तर सगळं उघडलं होतं,” मी म्हणालो.