आधी पाणी शोधा, मग बुरशी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. "बुरशी दिसली एवढ्यावरून जुनं घर हातचं सोडू नका" असं मी लिहिलं होतं. हा सल्ला बेजबाबदार आहे, असं तुमचं म्हणणं. घेतलेल्या घरात दुरुस्ती सुरू झाल्यापासून तुमच्या दम्याच्या मुलाचा खोकला थांबलेला नाही. आणि लॅबमधून हवेची तपासणी करून घ्या, हे मी का सांगितलं नाही, असंही तुम्ही विचारलं आहे. याला दोन ओळींत उत्तर देणं मला बरं वाटेना.

एक गोष्ट आधीच कबूल करते. काम चालू असताना घरात कोणी राहायचं आणि कोणी नाही, यावर मी अवाक्षर काढलं नव्हतं. ती माझी चूक आहे, आणि मूळ लेखात मी ती आज दुरुस्त करते आहे. बुरशी लागलेला गिलावा किंवा प्लायवूड फोडलं की एरवी भिंतीला चिकटून बसलेले बीजाणू, म्हणजे बुरशीचे डोळ्यांना न दिसणारे बारीक कण, खोलीभर उडतात. ज्याला दमा आहे, ॲलर्जी आहे किंवा ज्याची प्रतिकारशक्ती कमी आहे, त्याने तोडफोड संपून शेवटची धूळ ओल्या फडक्याने पुसली जाईपर्यंत त्या घरात राहूच नये. हे काही माझं मत नव्हे. ओलसर घरातल्या बुरशीने दमेकऱ्यांचा त्रास वाढतो आणि धडधाकट माणसालाही खोकला, घरघर होऊ शकते, असा निष्कर्ष अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००४ सालीच काढला होता.

लॅबच्या तपासणीबाबत मात्र माझं मत बदललेलं नाही. बीजाणू कुठल्याही घरात, कुठल्याही हवेत असतात. खिडकी उघडली, झाडू मारला की त्यांची संख्या बदलते. शिवाय अमुक आकड्यापर्यंत हवा सुरक्षित, अशी सर्वमान्य मर्यादाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही असा आकडा दिलेला नाही. सतत राहणारी ओल टाळा, एवढाच त्यांचा रोख आहे. बुरशी काळी की हिरवी, यावरूनही ती किती घातक हे ठरत नाही. डोळ्यांना दिसली किंवा कुबट वास आला, की ती आहे. मग तपासणीचे पैसे पाणी कुठून येतंय हे शोधण्यात घालावेत.

कारण सगळं अडतं ते पाण्यापाशी. आमच्याच घराचं सांगते. पाहायला गेलो तेव्हा झोपायच्या खोलीची एकच भिंत ताजी रंगवलेली होती. बाकी तिन्ही जुन्या, मळकट. तेव्हाच पाल चुकचुकली होती, पण आम्ही ते मनावर घेतलं नाही. ताबा मिळाल्यावर कपाट पुढे ओढलं, तर त्याच्या मागच्या प्लायवूडमध्ये माझं नख लोण्यात रुतावं तसं रुतलं. भिंतीवर गुडघ्याच्या उंचीपर्यंत काळे ठिपके. रंगाऱ्याने ब्लीच मारून वर रंग चढवला. चार महिन्यांत डाग परत आला, त्याच जागी, त्याच आकाराचा. भिंतीपलीकडे बाथरूम होतं आणि आतला पाईप सांध्यापाशी झिरपत होता. पाईप बदलला, गिलावा खरवडला, भिंत पुरती वाळू दिली. त्यानंतर तिथे काही उगवलेलं नाही.

म्हणून घर घेण्याआधी मालकाची परवानगी काढून दोन गोष्टी करायला मी आता सगळ्यांना सांगते. सगळे नळ बंद करा, टाकी भरत नाहीये याची खात्री करा, पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि दोन तासांनी पुन्हा पाहा. आकडा सरकला असेल तर कुठेतरी गळती आहे. सांडपाण्याची गळती मीटरवर दिसत नाही. त्यासाठी बाथरूम काही दिवस कोरडं ठेवून डाग आकसतो का ते पाहावं लागतं. दुसरं, संशयित भिंतीवर ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही कडा टेपने घट्ट चिकटवून एक-दोन दिवस ठेवा. फॉइलच्या मागे थेंब धरले तर ओल भिंतीतून येते आहे. पुढून धरले तर खोलीतली दमट हवा गार भिंतीवर साकळते आहे. दुसऱ्या प्रकाराला तोडफोड लागत नाही. हवा खेळती ठेवणं, कपाट भिंतीपासून सरकवणं आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राखणं, यावर ते आटोक्यात येतं. (पांढरी भुकटी दिसली तर तिच्यावर पाणी टाकून बघा. विरघळली तर तो लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला क्षार आहे, बुरशी नव्हे. पण लोणाही ओलीचीच खूण.)

साफसफाईचं थोडक्यात. डाग साधारण एक चौरस मीटरच्या आत असेल तर एन-९५ मास्क, हातमोजे आणि बंद चष्मा घालून स्वतः करता येतं. त्याहून मोठा असेल तर जाणकाराला बोलवा. फरशी, काच, धातू साबणाच्या पाण्याने घासून कोरडे होतात. जिप्सम बोर्ड, गालिचा, गादी यांच्या आत बुरशी शिरली की ती टाकूनच द्यावी लागतात. कोरडी बुरशी झाडूने कधीच झाडू नका.

घर सोडून द्या असं मीही सांगते, पण ते पाणी कुठून येतंय हे कळत नसेल तेव्हा, किंवा मालक कपाट हलवू देत नसेल तेव्हा. मूळ लेखात हे इतकं स्पष्ट यायला हवं होतं.

आता तुमच्या मुलाचं. त्याला आधी काही दिवस दुसरीकडे हलवा आणि खोकला डॉक्टरांना दाखवा, दुरुस्ती चालू आहे हेही त्यांना सांगा. तो ज्या भिंतीशी झोपतो, तिच्या पलीकडे काय आहे? बाथरूम, गच्चीचा पाईप की बाहेरची भिंत? ते आणि मीटरचे दोन्ही आकडे मला कळवा, पुढे काय करायचं ते आपण मिळून पाहू.