मानद फेलो व्हायचंय? आधी मोठे व्हा, मग बघू

तर प्रोफेसरसाहेब, तुम्ही समाजशास्त्र, अर्थशास्त्र, मानववंशशास्त्र असल्या कुठल्यातरी शास्त्रात हयात घालवलीत, मुंबई विद्यापीठाच्या कलिन्याच्या कँटीनचा चहा पिऊन पिऊन पित्त वाढवून घेतलंत, पोरांचे प्रबंध तपासून चष्म्याचा नंबर वाढवलात आणि आता रिटायरमेंट जवळ आल्यावर मनात येतंय की एखाद्या विद्वत्सभेने आपल्यालाही मानद फेलो, म्हणजे सन्मान म्हणून सदस्य, करावं. रास्त आहे. नावापुढे चार अक्षरं लागली की सोसायटीच्या नोटीस बोर्डावर मेंटेनन्स थकबाकीदारांच्या यादीतसुद्धा नाव भारदस्त दिसतं.

पहिली गोष्ट, अर्ज करायचा नाही. बहुतेक ठिकाणी फॉर्मच नसतो हो. आधीच्या फेलोंपैकी कुणीतरी नाव सुचवायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, मग समिती बसते, मग मतदान, आणि हे सगळं तुमच्या पाठीमागे. म्हणजे तुमचं काम एवढंच की नाव सुचवणाऱ्यांच्या डोळ्यासमोर सतत राहायचं पण आपल्याला काही हवंय असं चेहऱ्यावर अजिबात दिसू द्यायचं नाही. त्यांच्या व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसा, प्रश्नोत्तरात हात वर करा आणि प्रश्न विचारू नका, "सरांच्या मांडणीला पुढे नेत" असं म्हणून तीन मिनिटं स्वतःचं पुस्तक सांगा. झूमवर असाल तर कॅमेरा चालू ठेवा आणि मान हलवत राहा, मान हलवणारा माणूस लक्षात राहतो.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. मानद फेलोशिप मिळायला तुम्ही आधीच मोठे असावे लागता. हसू नका, हे शास्त्र आहे. रॉबर्ट मर्टन नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये हे मांडून ठेवलंय, ज्याचं नाव आहे त्याला आणखी श्रेय मिळतं आणि ज्याचं नाव नाही त्याचं होतं नव्हतं तेही जातं, बायबलमधल्या मॅथ्यूच्या वचनावरून त्याने ह्याला मॅथ्यू इफेक्ट म्हटलं. आता गंमत बघा, त्या लेखातला बराचसा माल हॅरिएट झुकरमन ह्या बाईंनी नोबेलवाल्यांच्या घेतलेल्या मुलाखतींतून आला होता, आणि लेखावर नाव एकट्या मर्टनचं. पुढे त्याने स्वतःच लिहून ठेवलं की खरं तर दोघांच्या नावाने छापायला हवा होता. सिद्धांत सिद्ध करायची ह्याहून स्वस्त पद्धत मला तरी माहीत नाही. तुम्ही काय करायचं? तर तुमच्या रिसर्च असिस्टंटने केलेल्या मुलाखती नीट जपून ठेवा आणि कबुली वीस वर्षांनी द्या. घाई करू नका.

विषय कुठला घ्यावा हे फार महत्त्वाचं. चांदा-बांद्याच्या एखाद्या तालुक्यातल्या पतपेढ्यांवर आयुष्य काढाल तर तालुक्यातली पतपेढी तुम्हाला डायरी आणि कॅलेंडर देईल, बास. मुंबईत राहताय तर धारावी घ्या. कलिन्याहून रिक्षाने जाता येतं आणि लंडनमध्ये कुणाला धारावी कुठे आहे हे समजवावं लागत नाही. नाहीतर गिरणगाव घ्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार उतरले, गिरण्या कायमच्या गेल्या, आज तिथे मॉल आहेत टॉवर आहेत, आणि त्या संपावर जगभर किती पेपर वाचले गेले त्याचा हिशोबच नाही. लालबागच्या चाळीत बसून ज्या म्हाताऱ्याने तुम्हाला पाच दुपारी सगळं सांगितलं, वर बायकोला पोहे करायला लावले, त्याचं नाव पुस्तकात घालायचं नसतं बरं का, तो "मुलाखत क्रमांक १४". रिसर्च एथिक्स असतात. त्याचा मुलगा त्याच टॉवरच्या गेटवर सिक्युरिटीला असेल, तर तेवढं शेवटच्या प्रकरणात घाला, परदेशी वाचकाच्या डोळ्यात पाणी येतं.

आता थिअरी. थिअरी अशी हवी की जिने सगळी उतरंड उघडी पाडली पाहिजे. प्रतिष्ठा, मान, पदव्या हे सगळं सत्तेचं राजकारण आहे असं जितक्या जोरात लिहाल तितका मान लवकर मिळतो, ह्याला पुरावा आहे. फ्रान्सच्या पिएर बुर्द्यू ह्या समाजशास्त्रज्ञाने आयुष्यभर हेच सांगितलं, की पैसा जसा भांडवल तशी प्रतिष्ठाही भांडवलच, आणि विद्यापीठं हा त्याचा कारखाना. लंडनच्या रॉयल अँथ्रोपॉलॉजिकल इन्स्टिट्यूटने २००० साली त्याला आपलं हक्स्ली मेडल दिलं आणि त्याने घेतलं. त्याच्या आधी १९७६ मध्ये तेच मेडल आपल्या समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांना मिळालं होतं, आणि ते शिकले कुठे तर मुंबई विद्यापीठात, घुर्ये सरांच्या हाताखाली. श्रीनिवासांनी सांगितलं की खालची जात वरच्या जातीच्या चालीरीती उचलते आणि एकदोन पिढ्यांत वर सरकायला बघते, संस्कृतीकरण म्हणतात त्याला. हा सिद्धांत खेड्यातल्या लोकांना लागू होतो. आपले काही प्राध्यापक पंधरा दिवस ऑक्सफर्डला जाऊन येतात आणि मग डोंबिवली फास्टमध्येसुद्धा "एक्सक्यूज मी" म्हणून चढायला बघतात, ते वेगळं, त्याला सिद्धांत लागत नाही, ती लोकल त्यांना ठाण्याच्या आतच सरळ करते.

एक धोक्याची सूचना. थॉरस्टाइन व्हेब्लेन नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञासारखं करू नका. दिखाऊ खर्चाची चिरफाड ह्या माणसाने १८९९ मध्येच केली होती, आणि १९२० च्या दशकात अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनचं अध्यक्षपद चालून आलं तर नको म्हणाला. आयुष्यभर नोकरी धड टिकली नाही, शेवटची वर्षं कॅलिफोर्नियातल्या एका केबिनमध्ये काढली. लिहिलेलं खरं मानायला लागलं की असं होतं.

सायन्सवाल्यांकडे बघून जळू नका. मुंबईचे अर्देसर कर्सेटजी वाडिया १८४१ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले, पहिले भारतीय, पण त्यांनी जहाजं बांधली होती, वाफेची इंजिनं केली होती, माझगावच्या बंगल्यात गॅसचे दिवे लावून दाखवले होते. लोकांना जाऊन बघता येत होतं. तुमच्या "उत्तर-वासाहतिक नागरी अवकाशाच्या पुनर्मांडणी"चा दिवा कुठे लागलाय हे कुणी जाऊन बघणार नाही, आणि हाच तर आपल्या क्षेत्राचा फायदा आहे. शिवाय वाडियांच्या मुंबईकडे बघा, इथली विद्वानांची सभा, म्हणजे आजची एशियाटिक सोसायटी, १८०४ मध्ये साहेबांनी सुरू केली आणि पहिला हिंदी मेंबर, माणकजी कर्सेटजी, आत आले १८४० मध्ये. म्हणजे शहराबद्दल विद्वत्ता सुरू झाल्यावर शहरातल्या माणसाला दरवाजा उघडायला छत्तीस वर्षं. तुम्ही तर जेमतेम पंचवीस वर्षं वाट बघताय, त्याच सोसायटीच्या टाउन हॉलच्या पायऱ्यांवर बसून भेळ खा, घाई कसली.

मान मिळाला की तो वापरायचा कुठे, हा पुढचा प्रश्न. इथे कायदा तुमच्या बाजूने आहे. घटनेचं कलम १८ सांगतं की लष्करी आणि विद्याविषयक मान सोडून सरकारने कुणाला किताब द्यायचा नाही. पद्म पुरस्कार किताब नाहीत म्हणून चालतात, पण नावाच्या मागेपुढे लावायचे नाहीत असं सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये सांगितलंय. विद्वत्सभेची अक्षरं मात्र खुशाल लावा, व्हिजिटिंग कार्डवर लावा, वॉट्सॅप डीपीवर लावा, गाडीच्या मागच्या काचेवर लावली तरी पोलीस अडवणार नाही, फार तर डॉक्टर समजून सोडेल. बढतीलाही उपयोग आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात संशोधनाचे गुण मोजायचा तक्ता आहे, त्यात पुरस्कार किंवा फेलोशिप आंतरराष्ट्रीय असेल तर ७ गुण, राष्ट्रीय असेल तर ५. भाषणाचंही तसंच, परदेशात जाऊन केलं तर ७, आंतरराष्ट्रीय म्हणून भारतातच केलं तर ५, विद्यापीठात केलं तर २. भाषण तेच, पीपीटी तीच, विनोदही तेच. विमानाचा पल्ला वाढला की ज्ञान वाढतं हे मी नाही, तक्ता सांगतोय.

पत्र आलं की लगेच उत्तर पाठवू नका. एक रात्र जाऊ द्या. मग "आश्चर्य वाटलं, आपण पात्र आहोत की नाही कळत नाही" असं लिहा, आणि त्याआधी फोटोग्राफरला फोन करून ठेवा. चार दिवसांनी ऑफिसमधून एक गोड मेल येते, की मानपत्राचा कच्चा मसुदा आपणच पाठवलात तर बरं होईल. म्हणजे स्वतःची स्तुती स्वतःच, तीही "त्यांनी", "त्यांच्या" करून लिहायची. लाजू नका, इथेच खरा विद्वान ओळखू येतो. "विषयाला नवं वळण दिलं" हे घालाच, कुठलं वळण ते कुणी विचारत नाही. "साधी राहणी" घाला. "विद्यार्थीप्रिय" घालताना जरा सभागृहात कोण कोण येणार ते बघून घ्या.

समारंभात बसायची व्यवस्था नीट पाहून घ्या कारण उतरंडीवर पन्नास वर्षं लिहिलेल्या लोकांइतकी खुर्च्यांची मारामारी मी आमच्या भाऊबंदकीतही पाहिलेली नाही. अध्यक्षाच्या उजवीकडे कोण, डावीकडे कोण, शाल आधी कुणाला, बुके का नारळ. तुमचं भाषण मात्र समतेवर ठेवा. वेळ पंधरा मिनिटं दिली असेल, तुम्ही पन्नास घ्या, खाली लोक समोशाच्या वासाने चुळबुळ करत असतील तेव्हाच "शेवटचे दोन मुद्दे" म्हणा. टॅक्सीचे पैसे विचारू नका, मान आहे तो. अर्थशास्त्रवाले असाल तर विचारायचा मोह होतो, आवरा.

आणि एवढं सगळं करून नाहीच मिळाली तर? तर मग रडायचं नाही, फेलोशिप द्यायला लागायचं. १८६० च्या सोसायटी रजिस्ट्रेशन कायद्याला सात माणसं लागतात. तुम्ही, बायको, मेव्हणा, दोन पीएचडीचे विद्यार्थी (ज्यांची व्हायवा बाकी आहे असे, ते नाही म्हणत नाहीत), सीए, आणि बिल्डिंगमधले एखादे रिटायर्ड बँक मॅनेजर, झाले सात. वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात चकरा मारायच्या, तिथे कितव्या मजल्यावर कोण बसतं हे जागेवर गेल्यावर कळतं, म्हणून चप्पल चांगली घाला. संस्था उभी राहिली की पहिली मानद फेलोशिप स्वतःला घ्यायची नाही, तिथेच नवशिके फसतात. ती परदेशातल्या एखाद्या मोठ्या, पण हल्ली कुणी फारसं विचारत नसलेल्या प्रोफेसरला द्यायची. तो खूष होणार, सीव्हीत टाकणार. मार्सेल मॉस ह्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ मध्येच दाखवून ठेवलंय की दिलेली भेट परत करावीच लागते, न केली तर घेणारा खाली पडतो, आपल्याकडे लग्नाचा अहेर लिहून ठेवतात ना वहीत, कुणी किती घातले ते, अगदी तसं. वर्ष दोन वर्षांत त्याच्याकडून पत्र येतं की नाही बघाच.

फक्त संस्थेचं नाव ठरवताना मेव्हण्याचं ऐकू नका. तो "मुंबई उपनगर सामाजिक अभ्यास मंडळ" म्हणेल, छान मराठी नाव आहे, पण त्यात कुठेतरी "इंटरनॅशनल" घुसवा. पाचाचे सात होतात.