हो, तेच माझं गाव

सकाळी चहाचा पहिला घोट घेतला आणि चुलत भावंडांच्या ग्रुपवर एक रील येऊन पडलं. कुणीतरी देशी यूट्यूबर इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलच्या गल्लीबोळांतून मोबाईल धरून फिरतोय. फळ्या ठोकलेली हॉटेलं, एका दारात पांघरूण घेऊन झोपलेला माणूस, वर हसणाऱ्या इमोज्यांची रांग. खाली आमच्या दादाची कॉमेंट : "हेच का गं तुझं फॉरेन?"

चहा निवला. आता लिहितेच.

१९७४ ते ८५ मी तिथे होते. बाबा डॉक्टर, पण म्हाताऱ्यांच्या वॉर्डचे. गोऱ्या डॉक्टरांना जे वॉर्ड आणि जी गावं नको असायची, ती आपल्या डॉक्टरांच्या वाट्याला यायची. म्हणून लंडन नाही, आयरिश समुद्राचा काठ. तुम्ही लोकांनी ज्याचा इतकी वर्षं हेवा केलात ते माझं फॉरेन म्हणजे उलटी होणारी छत्री, साडीवर बाबांचा ओव्हरकोट चढवून उभी असलेली आई आणि चिप्सवरच्या व्हिनेगरचा वास. झालं, एवढंच.

आणि आजोबा. १९७९ च्या जुलैत आजोबा आले होते. दादा, तुझेही आजोबाच, विसरला असशील म्हणून सांगते. लालबागच्या चाळीतून निघाले आणि थेट आमच्याकडे. तीस वर्षं गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खडखडाटात काढलेली, कान गेलेले. आईला वाटलं, म्हातारा कंटाळणार. भाषा येत नाही, ऐकू येत नाही, वर ही थंडी.

आमच्या शेजारी एका बाईंची खानावळवजा बोर्डिंग होती. अशी रस्त्यागणिक पन्नास. त्यांच्याकडे दर जुलैत बर्नलीहून एक म्हातारी यायची. लँकेशर म्हणजे तिथला कापडगिरण्यांचा मुलूख, बर्नली त्यातलंच. तिथल्या गिरणगावांची तेव्हा एक रीत होती : एका गावच्या गिरण्या एकदम बंद, सगळं गाव सुट्टीवर. या आठवड्यात हे गाव, पुढच्या आठवड्यात ते. आणि निम्मं गाव ट्रेनमध्ये बसून ब्लॅकपूलला. टॉवर आधी कुणाला दिसतो यावर पोरांच्या पैजा. गणपतीला चाकरमानी कोकणात उतरतात ना, तसं. फक्त इथे गणपतीच्या जागी १५८ मीटरचा लोखंडी टॉवर, १८९४ सालचा, आयफेलवरून उचललेला.

तर ही म्हातारी बाकावर बसलेली, डोक्याला प्लॅस्टिकची पावसाळी टोपी. आजोबा दुसऱ्या टोकाला, मफलर, माकडटोपी. मी मध्ये आइस्क्रीम खात. ती माझ्याशी काहीतरी बोलली, पण आवाज न काढता, ओठ हे एवढे मोठे करून. साच्यांच्या खडखडाटात ऐकू येत नाही म्हणून त्या बायका ओठांवरून बोलायच्या, ती सवय सुटत नसे. आजोबा टक लावून बघत राहिले. मग त्यांनी उजवा हात झटकन डावीकडे नेला, परत आणला. धोटा! मागावर आडवं सूत घेऊन धावतो तो. म्हातारीने लगेच हाताची मूठ तोंडाजवळ नेऊन, धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं तसा श्वास घेतला आणि त्यापायी पडलेले दात दाखवले. आजोबा असे हसले, असे हसले, की माकडटोपी डोळ्यांवर आली.

"बाय साच्यार होती गो!" मला ओरडून म्हणाले. साच्यार म्हणजे माग चालवणारी. सगळा रस्ता वळून बघायला लागला.

पुढचे आठ दिवस दोघं रोज त्याच बाकावर. अक्षरही एकमेकांचं कळत नव्हतं आणि गप्पा तास तास. ज्या लँकेशरने आपल्या कापडाचा गळा दाबला, त्याच लँकेशरची ही कामगार बाई. आजोबांच्या मनात तो हिशेब आला असेल का? मला तरी दिसला नाही. त्यांना एकच आश्चर्य वाटत होतं : वाळूवर पोरांना पाठीवर फिरवणाऱ्या गाढवांना शुक्रवारी सुट्टी असते. नगरपालिकेचा नियम. "भरपगारी?" त्यांनी विचारलं होतं.

हो, मला माहितीय, तिथे सगळं गोड नव्हतं. शाळेतून येताना "पाकी" ओरडणारी पोरं होतीच. समुद्र घाण होता, इतका की १९९३ साली युरोपच्या कोर्टाने त्यावरून ब्रिटनला दोषी ठरवलं. आणि हो, २०१९ च्या सरकारी मोजणीत ते गाव इंग्लंडमधलं सगळ्यात मागास निघालं. मान्य. पण का निघालं, हे रीलवाल्याने विचारलं? गिरण्या गेल्या, गिरणगावांची ती सुट्टी गेली. स्पेनची स्वस्त विमानं सुरू झाली, उरलेली माणसं तिकडे गेली. बोर्डिंगांच्या भाड्याच्या खोल्या झाल्या, त्यांत ज्यांना कुठेच थारा नाही ते राहायला आले. त्यांच्यातलाच एक तो दारात झोपलेला माणूस. कुणी सांगावं, बर्नलीच्या त्या म्हातारीचा नातूही असेल. तुम्ही हसा.

१९८२ च्या संपानंतर आपल्या चाळीत काय झालं, दादा, ते मी दुरून ऐकलं, तू डोळ्यांनी पाहिलंस. तेव्हा कुणी मोबाईल घेऊन जिन्यात आलं असतं तर काकांनी त्याला तिथूनच खाली ढकलला असता. आता गिरणीच्या जागी मॉल आहे, तर तू तिथे सेल्फी काढतोस. जाऊ दे. सकाळी सकाळी भांडण नको.

खरं तर मला वेगळंच आठवत होतं. जायच्या आदल्या दिवशी म्हातारीने आजोबांना रॉक दिली. गुलाबी साखरेची हातभर कांडी, आरपार गावाचं नाव, कुठेही तोडा अक्षरं तीच. दुकानाच्या काचेतून आम्ही ती बनताना बघायचो. सुरुवातीला ओंडक्याएवढा साखरेचा गोळा, त्यात मोठाली अक्षरं बसवलेली, मग लोळवत ओढत बोटाएवढी बारीक. आजोबांनी ती दोन धोतरांत गुंडाळून लालबागला नेली. आजीच्या अडकित्त्याने तिचे तुकडे केले आणि चाळीत दारोदार वाटले, सत्यनारायणाचा प्रसाद वाटावा तसे. हे मला आजीनेच नंतर सांगितलं.

पहिला तुकडा तुला मिळाला होता, दादा. तू तो कडाकडा चावलास आणि दाढ हलली म्हणून रात्रभर रडलास. त्या तुकड्यावर काय लिहिलंय ते तू चाळभर विचारत फिरत होतास म्हणे.

हेच लिहिलं होतं.